बर्फवाल्या चाचांनी जपलेला दाखला

मी आज पदवीधर आहे तो मुरुडच्या बर्फवाल्या चाचांमुळे, आणि एवढा भित्रा माणूस साऱ्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही. फोन वाजला की चाचा आधी पाणी पीत, मगच उचलत. लग्नपत्रिकासुद्धा दुसऱ्याकडून फोडून घेत. न जाणो, आत नोटीस निघाली तर! शाळा सुटलेल्या आम्हा खलाशांसाठी गावाने वर्ग काढला, तेव्हा मच्छीमार सोसायटीने बाकं दिली, एका निवृत्त बाईंनी शिकवायचं कबूल केलं आणि चाचांनी बर्फाच्या कारखान्याची माडी दिली. मग रोज जिन्यात बसून राहत. म्हणत, "माडी पडली तर पहिली माझ्यावर पडू दे."

सातवीत सुटलेला मी एकोणिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसणार होतो. आगीच्या धास्तीने चाचांनी आमचे शाळा सोडल्याचे दाखले स्वतःकडे घेतले होते. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी मी मागितला, तर त्यांचा चेहरा पांढरा पडला. दाखल्यांचा डबा बर्फाच्या लाद्यांखाली होता!

"आग तिथं पोचनार न्हाय, म्हनून ठेवला," ते पुटपुटले.

"बर्फाच्या कारखान्यात आगीची भीती? धन्य आहे तुमची, चाचा!" बाई म्हणाल्या. मला हसू येईना. लाद्या हलवून डबा काढला, तर माझ्या दाखल्यावरचा शिक्का पार विरघळलेला.

परीक्षा केंद्राच्या शाळेत फॉर्मच्या खिडकीतला कारकून म्हणाला, "हा चालणार नाही. पुढच्या वर्षी या."

पुढचं वर्ष मला नव्हतंच. बाबांनी मला लांबच्या बोटीवर लावायचं ठरवलं होतं. तेवढ्यात, एरवी शाळेच्या फाटकाशीही न फिरकणारे चाचा माझ्यामागून पुढे झाले आणि खिडकीला धरून उभे राहिले.

"साहेब, चूक माझी हाय, पोराची न्हाय. दुसरा दाखला आनतो. तवर खिडकी लावू नका."

मग डोळे मिटून, माझा सदरा मुठीत धरून ते माझ्यामागे मोटारसायकलवर बसले. गावच्या शाळेतून नवा दाखला घेऊन परतलो, तेव्हा कारकून कुलूप हातात घेऊन उभा होता. फॉर्म घेतला त्याने.

चाचा आता थोरल्या मुलाकडे मस्कतला असतात. परवा त्यांना पत्र पाठवलं:

"चाचा, सलाम. पदवी मिळाली. बाई थकल्यात, म्हणून सोमवारपासून माडीवरचा वर्ग मी घेतो. पहिल्या दिवशी दारातच पाय अडले. समोर बावीस जण, काही माझ्याहून मोठे. माझ्या चुकीने एखाद्याचं वर्ष गेलं तर? तुम्ही त्या दिवशी एवढे घाबरलेले असूनही बोललात कसे, हे विचारायचं राहूनच गेलं. सवडीने कळवा. तोवर मी तसाच, घाबरत घाबरत, शिकवतो आहे."