लाल क्रेटमधला राखाडी

आज बायकोने माझा राखाडी शर्ट इस्त्री करून लाल चादरीवर ठेवला आणि तो मला हिरवट दिसला. पण अशा बाबतीत तोंड उघडायची हौस माझी चाकणला फिटली आहे.

तिथल्या एका कंपनीत मी रंग तपासायला नवीनच लागलो होतो. गाडीच्या आरशांची राखाडी कव्हरं यायची. पास झालेली पांढऱ्या क्रेटमध्ये, नापास झालेली लाल क्रेटमध्ये. एक कव्हर नुसत्या संशयाने लाल क्रेटमध्ये टाकलं, तर तिथे ते चक्क हिरवट! मग मी एकेक कव्हर तिथेच ठेवून बघत तज्ज्ञाच्या थाटात चाळीस कव्हरं नापास केली आणि रंग मारणाऱ्या तुकारामभाऊंच्या नावाने शेरा लिहायला घेतला. त्यांच्यावर आधीच एक शेरा होता. दुसरा पडला की हातातली रंगाची गन काढून त्यांना पॅकिंगला बसवणार होते.

भाऊंनी मास्क खाली ओढला. "रंग न्हाई बिघडला सायब, ह्या लाल क्रेटनं डोळं फशिवलं तुमचं."

त्यांनी पास झालेलं एक कव्हर लाल क्रेटमध्ये ठेवलं. ते हिरवट झालं. नापास झालेलं पांढऱ्यात ठेवलं. ते राखाडी!

"आता मला बी बसवा लाल क्रेटमधी," भाऊ म्हणाले, "बघू हिरवा दिसतो का."

सगळी लाइन हसली. त्या हसण्याच्या आडोशाने मी शेऱ्याचा कागद खिशात कोंबला.

चारचौघांत माझी फजिती केली म्हणून बरेच दिवस मी भाऊंवर घुश्शात होतो. मॅनेजर चहाला गेल्यावरच त्यांनी ती केली होती, हे फार उशिरा लक्षात आलं.