सातव्या प्रकरणाला लावलेला डिंक

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. औषधाच्या दुकानात चौतीस वर्षं काढली. एक शून्य जास्त पडलं तर माणूस दगावतो, या धास्तीने प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचायची सवय लागली ती लागलीच. आमच्या हिचं सगळं उलटं. ही वाचनालयात ग्रंथपाल. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, वरच्या हॉलमध्ये एखाद्या लेखकाला नाहीतर अभ्यासकाला खुर्चीत बसवायचं आणि दीड तास बोलतं करायचं, हे ती बावीस वर्षं करत आलीय. समोर सत्तर-ऐंशी माणसं असतात. हिच्या हातात कागद नसतो, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलेलं असतं, आणि प्रश्न असे की भलेभले पाण्याचा ग्लास शोधायला लागतात.

एकदा एक कादंबरीकार मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मी लिहितो तेव्हाच खरा मी असतो. बाकीचा वेळ बँकेत असतो." ही म्हणाली, "मग बँकेतल्या त्या माणसाला कधी वाचायला दिलीत का कादंबरी?" हॉल हसला. कादंबरीकार हसले नाहीत. जाताना मात्र मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुमच्या बाईसाहेबांनी झोप उडवली माझी."

गेल्या वर्षी हिला शब्दांमधली अक्षरं दिसेनाशी झाली. आधी चष्म्याला नावं ठेवून झाली, मग दिव्याला, मग माझ्या काचा पुसण्याला. डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं आणि सांगितलं की कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाणार. चालाल, फिराल, माणसं ओळखाल, पण वाचणं परत येईल असं समजू नका. घरी आल्यावर दारात चपला काढताना ही म्हणाली, "वाचता न येणारी ग्रंथपाल. म्हणजे मग मी कोण हो?"

मी म्हणालो, "कुणाला सांगायचं नाही."

ही अक्कल माझी. कारण वाचनालयाचे चिटणीस मला चांगले माहीत होते. सगळे त्यांच्या पाठीमागे त्यांना 'घड्याळ' म्हणतात, कारण दुसऱ्याचं बोलणं सुरू झालं की यांची नजर मनगटावर. त्यांना कळलं असतं तर एक गुच्छ, दहा मिनिटांचं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत दुसरं कुणीतरी. त्या खुर्चीशिवाय ही कशी दिसेल, याची कल्पना करायचीसुद्धा मला भीती वाटत होती.

तेव्हापासून मी वाचायला लागलो. सकाळी तीन तास दुकानात जायचं, जेवण झालं की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हिला पुस्तक वाचून दाखवायचं. जन्मात वर्तमानपत्रापलीकडे गेलो नव्हतो. "अहो, बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखं काय वाचताय?" असं तिने शंभरदा ऐकवलं. मी कंटाळून झाडापानांची वर्णनं गाळायचो, तर ही मटार सोलता सोलता मान वर न करता म्हणायची, "गाळलंत. मागे जा." तिला ते कसं कळायचं, देव जाणे. म्हणायची, तुमचा श्वास चुकतो.

वाचनालयातही निभावत होतं. श्रोते चिठ्ठ्यांवर प्रश्न पाठवायचे, तर हिने नवीन नियम काढला, ज्याचा प्रश्न त्याने उभं राहून विचारायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत घामाने भिजलो होतो. अकरा महिने, दर दुसऱ्या शनिवारी, मी त्याच खुर्चीत त्याच घामात बसलो.

मग त्या अभ्यासक बाईंचं पुस्तक आलं. सत्तरीच्या बाई, जुन्या हस्तलिखितांवर आयुष्य घालवलेलं, आणि आता वाचणं म्हणजे काय यावर लिहिलेलं. अवघड शब्दांवर अडखळायला नको म्हणून मी पुढचं प्रकरण दुकानात आधी वाचून ठेवायचो. सातवं उघडलं. त्यात बाईंचे वडील होते. छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांची दृष्टी गेली आणि त्यांनी ती घरात, कामावर, सगळीकडे लपवली. एके दिवशी पाहुण्यांसमोर ते तल्लीन होऊन वाचत बसले होते आणि हातातलं पुस्तक उलटं होतं. पाहुणे हसले.

मी पुस्तक मिटलं. पुढे वाचायची माझी छाती झाली नाही. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागत होतं आणि मी चुकीची बाटली काढली. घरी हे हिला कोणत्या तोंडाने वाचून दाखवायचं? शिवाय ही अधूनमधून पुस्तक भिंगाखाली धरून एकेक अक्षर लावायचा प्रयत्न करायची, नेमकं तेच पान हाती लागलं तर? मी लेबलं चिकटवायचा डिंक काढला आणि त्या अकरा पानांच्या कडा एकमेकींना चिकटवून टाकल्या. वर वजनाचं माप ठेवून वाळवल्या.

दुपारी मी सहाव्यावरून थेट आठव्यावर गेलो. आकडे वाचायचे नाहीत हे ठरवलं होतं, पण सवयीने तोंडून "आठ" निघालंच.

"सातवं कुठे गेलं?" हिने विचारलं.

"छापखान्याची चूक. आकडाच चुकलाय."

आठवं शेवटचंच होतं, ते संपवून मी पुस्तक हिच्या टेबलावर ठेवून दिलं. मला वाटलं, निभावलं.

तीन आठवड्यांनी, कार्यक्रमाच्या शनिवारी, हॉल खचाखच भरला होता. घड्याळ पहिल्या रांगेत, वही उघडून. पुस्तक हिच्या मांडीवर मिटलेलं. तासभर सुरेख चाललं. बाई म्हणाल्या, वाचणारा माणूस दर पुस्तकात थोडा बदलतो, म्हणून वाचकाला ठरावीक ओळख नसते. ही म्हणाली, "आणि वाचणं थांबलं की? तो शेवटचा जो असेल तोच राहतो का?" बाई म्हणाल्या, "याचं उत्तर मी सातव्या प्रकरणात दिलंय. तुम्हीच वाचून दाखवता का शेवटची दोन पानं?"

उठून दिवे घालवावेत, खोकल्याचं सोंग करावं, बेशुद्ध पडावं, सगळं डोक्यात येऊन गेलं आणि पाय मात्र जागचे हलले नाहीत.

हिने पुस्तक उघडलं. पानं सुटी होती. कडा कापून मोकळ्या केलेल्या, सुरीने, अगदी सरळ.

"मला वाचता येत नाही," ही म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "गेलं वर्षभर. आमच्याकडे पुस्तक वाचून दाखवतात, पण हे प्रकरण मला कुणी वाचून दाखवलं नाही. हे सकाळी दुकानात गेले की मी भिंग घेऊन बसायचे. एका पानाला दोन दिवस लागले. नऊ पानं झाली, दोन राहिली. पुस्तक उलटं होतं, पाहुणे हसले, मुलगी रडली, इथपर्यंत मला माहीत आहे. वडिलांचं पुढे काय झालं?"

घड्याळ वहीत काहीतरी लिहीत होते. बाई काही सांगणार तोच हिने माझ्या बाजूला मान वळवली. तिसरी रांग, कडेची खुर्ची. कडेचं तिला दिसतं.

"अहो, या. डिंक ज्याने लावला त्यानेच वाचावं."

मी कसा वर गेलो ते मला आठवत नाही. पायरीला ठेचकाळलो, एवढं आठवतं. पुस्तक हातात घेतलं तर ओळी नाचत होत्या. पुढे काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. ते वडील गच्चीवरून पडले असतील, तर? वेडे झाले असतील, तर? सत्तर माणसांसमोर, हिच्या कानात, ते मला घालायचं होतं. मी लेबल वाचल्यासारखं वाचायला सुरुवात केली.

वडील जगले होते. आणखी एकोणीस वर्षं. मुलगी रोज त्यांना वाचून दाखवत होती, पुस्तकं, मुद्रितं, दुकानांच्या पाट्यासुद्धा. मला जरा धीर आला. मग शेवटचा परिच्छेद आला. मरणाच्या आधी वडील मुलीशी बोलतात. मी पहिलं वाक्य वाचलं. दुसरं डोळ्यांनी वाचलं, गिळलं, आणि तिसऱ्यावर गेलो.

"गाळलंत," ही म्हणाली. "मागे जा."

बाईंनी त्यांचा पाण्याचा ग्लास पुढे केला. हिच्या खुर्चीचं काय करायचं ते वाचनालयाची समिती पुढच्या बैठकीत ठरवणार आहे. त्याची भीती मला आजही आहे. पण त्या क्षणी ती नव्हती, तेव्हा फक्त हिची होती. ही मान किंचित तिरकी करून, वाट बघत बसली होती.

मी मागे गेलो आणि वाचलं.

"मला अंधाराची भीती कधीच वाटली नाही, पोरी. आता घरातली माणसं माझ्यापासून काय काय लपवतील, तेवढ्याचीच वाटायची."