उघडणारं ग्रिल

मार्च महिन्यात भर दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं एक दार गल्लीत पडलं. वावटळ उठली, दार बिजागरीसकट सुटलं आणि भाजीवालीच्या पाटीपासून हातभर अंतरावर आपटलं. काचेचा चुरा झाला. भाजीवालीनं मला तोंडाला येईल ते ऐकवलं. मी काचा वेचत ऐकून घेतलं. ती आणखी एक पाऊल पुढे असती तर काय झालं असतं, हे पुढे कितीतरी दिवस डोक्यातून गेलं नाही.

आमचं घर सांगलीत, नदीपासून फार लांब नाही. महापुराचं पाणी दोनदा घरात येऊन गेलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही भिंती वाळवल्या, रंग दिला, आणि सगळं झालं असं समजलो. लाकडी चौकटी आत पाणी धरून बसल्यात आणि त्यांना वाळवी लागलीय, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी नवऱ्यानं स्क्रू ड्रायव्हरचं टोक चौकटीला लावलं, तर ते खारी बिस्किटात शिरावं तसं आत गेलं. मग तो एकेका खोलीत जाऊन टोचत राहिला. सातही खिडक्यांची तीच गत.

घरात तेव्हा आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. ते वायरमन म्हणून निवृत्त झालेले. नवरा हळदीच्या पेठेत एका अडत दुकानाचे हिशेब बघतो, मी एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवते. मुलगी पुण्याला शिकायला. जूनमध्ये तिची फी भरायची होती.

खिडक्यावाला येऊन मापं घेऊन गेला. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, लोखंडी ग्रिल, जुन्या चौकटी काढायच्या, गवंडीकाम, रंग. सातांचं मिळून नव्वद हजारांच्या वर जात होतं. आम्ही बाजूला टाकलेले होते साठ, आणि त्यातूनच फी जायची होती.

त्यानंतर मला वाऱ्याचीच भीती बसली. सगळ्या दारांना मी सुतळ्या बांधल्या होत्या. शाळेत मुलं गाणं म्हणत असायची आणि मी बाहेरच्या गुलमोहराकडे बघत असायची. फांद्या हलल्या की बाहेर जाऊन आप्पांना फोन लावायचा. "आप्पा, सुतळ्या बघितल्या का?" ते म्हणायचे, "हायत गं जागंवर." तरी घरी पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा. गल्लीच्या तोंडाशी आले की आधी जमिनीकडे नजर जायची, कुठे काचा दिसतायत का म्हणून.

शेवटी यंदा चारच खिडक्या करायच्या ठरल्या. स्वयंपाकघर, हॉल, आमची खोली आणि आप्पांची खोली. कारण या चार गल्लीच्या बाजूला होत्या. मागच्या तीन पडल्या तरी आपल्याच परड्यात पडतील.

आप्पांच्या खिडकीचा एक वेगळा प्रकार होता. बाकी सगळ्या खिडक्यांना जुने गज होते, फक्त त्यांच्या खिडकीला काहीच नव्हतं. घर बांधतानाच त्यांनी तसं करून घेतलं होतं. का विचारलं की म्हणायचे, "वारं येतंय चांगलं." जेवताना नवरा म्हणाला, "आता या निमित्तानं तिथंही ग्रिल टाकू. पक्कं बसवलं की स्वस्त पडतंय. गल्लीत चोऱ्या वाढल्यात." मी हो म्हटलं. आप्पा ताटात बघत जेवत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर आप्पांची कॉट पडवीत. त्यांनी ती एकट्यानं ओढत नेली होती. मी विचारलं तर म्हणाले, "आत उकडतंय." खोलीत पंखा होता, पडवीत नव्हता. वर डास. पुढचे काही दिवस ते तिथेच झोपले. ताटात अर्धी भाकरी उरायला लागली. त्यांना शुगर आहे, जेवण चुकवून चालत नाही.

मला वाटलं, पैशाचं बोलणं त्यांच्या मनाला लागलं. आपल्या खोलीचा खर्च पोरांना जड होतोय, असं धरून बसले असतील. नवऱ्यालाही तसंच वाटलं. तो म्हणाला, "तू विचारू नको. विचारलंस तर खिडकीच नको म्हणतील." खिडक्यावाल्याला ॲडव्हान्स देऊन झाला होता. आता माघारी फिरायची सोय नव्हती, आणि म्हातारा माणूस आपल्यामुळे पडवीत डासात पडलाय, हेही बघवत नव्हतं.

रविवारी सकाळी नवरा दुकानात गेला होता. आप्पा पडवीत मेथी निवडत बसले होते. मला राहवलं नाही.

"आप्पा, खर्चाचं मनावर घेऊ नका. आमचं आम्ही बसवतो कसंतरी."

"खर्चाचं काय न्हाई."

"मग खोलीत का झोपत नाही?"

त्यांनी हातातली काडी मोडली. मग म्हणाले, "माझ्या खोलीला ते ग्रिल बसवू नगा."

"चोर आला तर?"

"येऊ दे की. काय न्यायचं हाय माझं?"

मी तिथंच खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"मी नऊ-धा वर्साचा आसंन. वडील धरणावर मिस्त्री हुते. कोयनानगरला कॉलनीत खोली हुती आमाला. भूकंप झाला तवा पहाट हुती. खाली कुणीतरी लय मोठं जातं फिरवतंय, तसा आवाज आला. वडलांनी दार वढलं. दार हालंना. चौकट वाकडी झालेली. मग आईनं खिडकी उघडली आन् मला बाहेर ढकललं. माझ्यामागनं भैन आली. मग ती दोघं."

"म्हणजे सगळे वाचलात."

"आमी वाचलो," ते म्हणाले. "शेजारच्यांच्या खिडकीला गज हुते."

हातातली जुडी त्यांनी खाली ठेवली.

"त्यांच्यातली मावशी गजातनं हात बाहेर काढून वडलांच्या नावानं हाका मारत हुती. वडलांनी गज वढलं, पाय लावून वढलं. न्हाई निघालं."

पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. आप्पा उठले आणि हात धुवायला गेले. मी उरलेली मेथी निवडली. बरीच पानं देठाबरोबर टाकून दिली असतील.

नवरा आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो बूट काढत होता. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाला. ते दोघं या घरात इतकी वर्षं राहिलेत, आणि ही गोष्ट एका खिडकीमुळे माझ्यापर्यंत आली.

आम्ही खिडक्यावाल्याला बोलावलं. तो म्हणाला, "वैनी, दारासारखं उघडणारं ग्रिल करता येतंय. पण सरकती खिडकी अर्धीच उघडती. माणूस निघायचा म्हणजे बाहेर उघडणारी खिडकी पायजे. मग रेट बदलणार." त्यानं कॅल्क्युलेटरवर आकडा करून दाखवला. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. फीला हात लावायचा नव्हता.

"हॉलची राहू दे मग," मी म्हणाले.

"अगं, हॉलची कशी राहील? ती गल्लीवरच आहे."

"फळ्या मारून बंद करू. बंदच केली तर पडेल कशी?"

हॉलला तेवढी एकच खिडकी. त्या संध्याकाळी नवऱ्यानंच फळ्या आणल्या.

काम सुरू झालं त्या दिवशी आभाळ भरून आलं. आमच्या खोलीची चौकट काढताना तिच्यासोबत वरचं प्लास्टर ढासळलं आणि गवंड्याचा एक दिवस वाढला. दुपारभर तीन खिडक्यांच्या जागी तीन भगदाडं होती. मी एका प्लास्टिकच्या कागदाला धरून उभी होते, आणि मनात सिमेंट, वाळू, गवंड्याची हजेरी यांची बेरीज चालू होती. पाऊस आला नाही. आला असता तर माझ्या हातातल्या कागदानं तो अडला नसता.

खिडक्या बसल्या. आप्पांच्या ग्रिलला आतून कुलूप होतं आणि किल्ली शेजारच्या खिळ्यावर. नवऱ्यानं त्यांना चारदा उघडून दाखवलं. आप्पांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "सूनबाई, तू निघून बघ."

"मी?"

"मी हलका हाय, मी निघीन. तुझं बघायला पायजे."

नवरा हसायला लागला. आप्पा हसत नव्हते. मग मी पदर खोचला, स्टूल घेतलं आणि चढले. गुडघा चौकटीला लागला, साडी कडीत अडकली, आणि शेवटी धडपडत गल्लीत उतरले. समोरच्या काकू दारात उभ्या होत्या. "आवं, घराला दार न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं. मी साडी झटकली. मागे वळून बघितलं तर आप्पा खिडकीत उभे होते, दोन्ही हात माझ्याकडे पसरून, पडले तर धरता यावं म्हणून.

त्याच दिवशी कॉट परत आत गेली.

फी भरली. मागच्या तीन खिडक्या अजून तशाच आहेत, सुतळीनं बांधलेल्या. जोराचं वारं सुटलं की मी अजून उठून बघते. हॉलमध्ये दिवसाढवळ्या ट्यूब लावावी लागते. गणपतीला मुलगी घरी आली आणि दारातच थबकली. "आई, हॉलचं गोडाऊन का केलंय?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. पिशवी तिथंच टाकून ती आप्पांच्या खोलीत गेली. ती त्यांना विचारताना ऐकू आली, "आप्पा, आईनं सांगितलं ते खरं आहे का? मला सगळं सांगा."

"सांगतो की," आप्पा म्हणाले. "आदी जेवून घे. लांबनं आलीयास."