सातवी अट

आखातातल्या मुसफ्फाच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये जेरार्ड स्टोअरकीपर आणि तुकाराम वेल्डर. एक वसईचा, दुसरा महाडकडचा. एकोणीस वर्षांत दोघांचं असं जमलं होतं की जेरार्डला कावीळ झाली तेव्हा तुकारामनं कामगारांच्या कॅम्पातून रोज त्याच्यासाठी पेज करून आणली. म्हणून वाटणीत आलेला वसईचा प्लॉट विकायचं ठरल्यावर जेरार्डनं आधी त्यालाच विचारलं. "तूच घे. रिटायर झालास की माझा शेजारी होशील."

तुकारामच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, दारात कुठली झाडं लावायची तेही फोनवर ठरवून टाकलं.

मग जेरार्डच्या भावानं जुनं खरेदीखत व्हॉट्सॲपवर पाठवलं. १९६१चं. त्यातली सातवी अट : कॉलनीतला प्लॉट फक्त आपल्या समाजाच्या कॅथलिक माणसालाच विकावा. खाली कॉलनीचे सेक्रेटरी म्हणून सही होती, खुद्द पप्पांची.

वकील म्हणाला, "कोर्टात लढता येईल, पण वर्षं जातील." भाऊ म्हणाला, "कॉलनीशी वाकडं घेऊ नकोस."

जेरार्डनं सोपी वाट धरली. "अरे, भाऊ विकायला नाही म्हणतोय," असं तुकारामला सांगून मोकळा झाला.

"खलास, विषय संपला, जेरार्डभाऊ," तुकाराम हसला. "जागेपायी भावाशी भांडू नका."

ते समजूतदार हसूच जेरार्डला खात राहिलं. चर्चमध्ये मिस्साला गुडघे टेकले की पप्पांची सही डोळ्यांपुढे. शेवटी महिन्याभरानं चहाच्या सुट्टीत त्यानं फोन तुकारामपुढे धरला. "भावाचं नाव मी उगाच पुढं केलं. हे वाच."

तुकारामनं हातमोजे काढून सावकाश वाचलं. "आमची घरं गावकुसाबाहेरच होती, भाऊ. असल्या अटी आम्हाला नव्या नाहीत. पण गावातले निदान तोंडावर सांगायचे."

"चुकलो मी."

"होय," तुकाराम म्हणाला, आणि मोजे चढवून कामाला गेला.

अट रद्द करा म्हणून जेरार्डनं कॉलनीला पत्र लिहिलं. कमिटीनं ते सभेपुढे ठेवलंच नाही. तेव्हा त्यानं वकिलाला केस घालायला सांगितलं. ती अजून चालू आहे, प्लॉट तसाच पडून आहे. तुकारामनं दरम्यान माणगावला घर बांधलं. त्याचे फोटो वर्कशॉपात सगळ्यांना दाखवले, जेरार्डलाही. पूर्वी तो रविवारी जेरार्डकडे जेवायला यायचा. आता येत नाही, आणि 'ये' म्हणायला जेरार्डची जीभ रेटत नाही.