फाटक्या पंखाचा मासा

"पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की मल्हारीची पंचाईत व्हायची. एकदा यवतच्या स्टँडवर तो म्हणाला, "समुद्रात बुडी मारून मासं मोजती." समोरच्यानं विचारलं, "आन् पकडती कवा?" आता घ्या! पकडायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग मोजायचे कशाला, हे मल्हारीला तरी कुठं ठाऊक होतं?

त्याची पोरगी प्रगती मालवणला असते. पाण्याखालच्या एकाच खडकावर ती वर्षभर फुलपाखरू मासा बघत होती. काळपट अंग, डोळ्यामागं पांढरा पट्टा, शेपटी लाल. वर्षात चोवीस वेळा दिसला. म्हणजे मासे वाढतायत, असा अहवाल उद्या गेला की तिची नोकरी पक्की होणार होती. हौसेनं तिनं सगळे व्हिडिओ बापाला धाडले.

मल्हारीच्या घरात मेंढरं कधी मोजली नाहीत. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात कोंडताना प्रत्येकाचं तोंड बघायचं, कोण आलं नाही ते आपसूक कळायचं. मेंढरं विकून दहा वर्षं झाली, पण नजर काही विकली नव्हती. चौथ्या व्हिडिओला तो चक्रावला. पाठीवरचा पंख फाटलेला तो पुन्हा तोच. पट्ट्यावर ठिपका असलेला त्याच्या मागं. चारही वेळा हीच जोडी. आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून त्यानं चष्मा पुसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बघितले.

सांगावं तर पोरीची नोकरी जायची, न सांगावं तर खोटं लिहिलं जायचं. त्याला काही सुधरेना. शेवटी त्यानं फोन लावला.

"प्रगे, मासं किती हायत म्हणालीस?"

"चोवीसदा दिसलं, आप्पा."

"दिसलं असतील. पण हायत दोनच. मी चुकत असन, मला त्यातलं काय कळतंय?"

पलीकडं प्रगतीनं व्हिडिओ पुन्हा लावले. मग मल्हारीच चाचरत म्हणाला, "आन् शेवटच्या व्हिडिओत फाटक्या पंखाचा एकलाच हाय. दुसरा कुठं गेला?"

"मी बघितलंच न्हाई, आप्पा," प्रगती म्हणाली. मल्हारीला उगीच बोललो असं वाटलं.

तिनं अहवालात 'दोन' लिहिले आणि सकाळी पुन्हा खडकावर गेली. नोकरीचं काय होणार, ते तिलाही सांगता येईना. त्या दिवशी स्टँडवर कुणीतरी पुन्हा विचारलं, पोरगी काय करती.

"त्यातला एक हरवलाय," मल्हारी म्हणाला, "हुडकाया गेलीय."