सरांचा संशय आणि माझी हिरवी काच

आमच्या विश्रामबागेतल्या लॅबमध्ये नमुन्यांपेक्षा किस्से जास्त साठलेत. नमुने खराब होतात, किस्से होत नाहीत. आम्ही प्रकाश देणारे पॉलिमर बनवतो. काचेच्या तुकड्यावर पातळ थर द्यायचा, यूव्ही दिव्याखाली धरायचा, चमकला की खूश. आमच्या सरांना मात्र चमकलं की संशय येतो. "रिझल्ट चांगला आला की आधी भांडी घासा," असं ते म्हणतात.

*

एकदा प्रत्येक रीडिंगमध्ये निळा उजेड दिसायला लागला. सरांनी दोन दिवस आम्हा सगळ्यांच्या बाटल्या तपासल्या. शेवटी लॅब अटेंडंट शिवामामा, मूळचे कडेगावचे, म्हणाले, "सर, जरा लांब हुबं ऱ्हावा बघू."

सर मागे सरकले, निळा उजेड गेला. साबणाने पांढराशुभ्र झालेला त्यांचा शर्टच चमकत होता. दुसऱ्या दिवसापासून सर काळ्या शर्टात. आमच्यावरचा संशय कायम.

*

हातमोजे सर कधीच घालत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते शिकाऊ लोकांसाठी. माझा हात मुरलेला आहे."

*

वर्षभराच्या खटपटीनंतर माझा थर पिवळट हिरवा चमकला. माझी पीएच.डी. त्यावरच उभी होती.

"घरी काय करतात?" सरांनी विचारलं.

"हळदीची गिरणी आहे, सर."

हळदही त्या दिव्याखाली तशीच चमकते. सर नुसते हसले. मला इतका राग आला, की नवी भांडी, नवा ॲप्रन घेऊन सगळा माल पुन्हा बनवला.

तपासणीच्या दिवशी सर कॅन्टीनमधून पोहे खाऊन थेट लॅबमध्ये आले. आधी त्यांनी स्वतःच्या हाताने एक कोरी काच दिव्याखाली ठेवली. ती काळी दिसायला हवी होती. तीही हिरवी! सरांनी माझ्या वहीत लिहिलं, "हळदीची भेसळ. विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा." खाली सही.

मामा पुढे आले. हातमोजे चढवून त्यांनी पाकिटातली दुसरी कोरी काच ठेवली. काळी. शेजारी माझा थर ठेवला. हिरवागार.

"मग माझी काच कुणी खराब केली?" सरांनी माझ्याकडेच बघत विचारलं.

मामांनी दिवा उघड्या वहीवर वळवला. सहीच्या शेजारी एक हिरवा ठसा चमकत होता.

"आवं सर," मामा म्हणाले, "सही बी केलीसा आन् अंगठा बी दिलासा."