नामदेवचं धुराचं पिंप

सुमनचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. सुमन माझी भावजय, सूर्यमाळला राहते. "ताई, हे उठत न्हाईत," एवढंच ती म्हणत राहिली. मी नेहमीसारखी खेकसले, "अगं, पाणी मार तोंडावर. दुपारचा आडवा झाला की कुंभकर्ण होतो तो!" मग शेजारच्या कुणीतरी फोन घेतला आणि सांगितलं, नामदेव गेला. धुरानं गेला. साप म्हटलं असतं, वीज म्हटलं असतं, घाटात जीप उलटली म्हटलं असतं, तर मी तिथंच ऊर बडवून घेतला असता. पण धुरानं? माझा भाऊ? "शुद्धीवर आहात का तुम्ही?" असं मी त्या बिचाऱ्यालाच विचारलं. आज दीड महिना होत आला, तरी माझ्या तोंडून तोच प्रश्न निघतो... धुरानं?

अहो, आम्ही धुरातच वाढलो. आमचं जुनं घर कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं, वर कौलं. चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असायची आणि तिच्यावर पावसाळ्याची बेगमी. ओढ्याचे मासे, खेकडे, आणि पाड्यावर बकरं पडलं की मीठ-हळद चोळलेल्या मटणाच्या लांब पट्ट्या. खाली आईचा स्वयंपाक चालायचा, वर मटण काळं-तांबूस होत सुकायचं. बाबांना त्याच्यापुढे काही सुचत नसे. नागलीची भाकर आणि त्या मटणाचं कालवण असलं की ते कुणाशी बोलायचेसुद्धा नाहीत. नाम्या तर त्या ताटीखालीच झोपायचा. वरून चरबीचा थेंब पडला की चाटायचा मेला! आई म्हणायची, "मांजर पाळायची गरजच नाय आपल्याला." पावसात दारं-खिडक्या लावून आम्ही सगळे त्या चुलीभोवती पडून राहायचो आणि सकाळी खोकत, डोळे चोळत का होईना, उठायचो. धूर कुडातून जायचा, कौलांतून जायचा. त्याला कुणी वाट करून दिली नव्हती, त्याची तो काढायचा.

पुढे नामदेव काही वर्षं ठाण्याला हॉटेलच्या भटारखान्यात होता. तिथून परत आला तो हिंदी शिकून आणि जिभेचे चोचले वाढवून. माझी लेक मनीषा ठाण्यालाच नोकरी करते. मामाचं हे वेड तिला ठाऊक. तिनं एका दिवाळीला त्याला मटण धुरवायची विजेची पेटी घेऊन दिली. चकचकीत स्टीलची, पुढे काच, आणि सोबत पिशवीत लाकडाचे तुकडे. विकत घेतलेले! जंगलात राहणाऱ्याला लाकडाची पिशवी भेट, मी हसून हसून मेले. नामदेवनं मात्र मान राखला. पेटी लावली, कोंबडी टांगली, काचेतून टीव्ही बघावा तसा बघत बसला. मध्येच वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी आली. "बाय," तो मला म्हणाला, "याचा धूर पावण्यावानी हाय. दारात येतो न् च्या न घेताच जातो." त्या पेटीत सुमन पापड ठेवायला लागली.

मग त्यानं खोडाळ्याच्या भंगारवाल्याकडून एक जुनं लोखंडी पिंप आणलं. रिकामं जाळून काढलं, घासलं, खाली हवेला भोकं पाडली, मध्ये सळयांची जाळी बसवली, वर पत्र्याचं झाकण. आंब्याचं नाहीतर जांभळाचं लाकूड, तेही अर्धवट वाळलेलं. ज्वाळ दिसली की पाणी शिंपडायचा. "भाजायचं नाय, दमवायचं," असा त्याचा मंत्र. पाहुण्यांना काही सांगायचं नाही, पहिला घास त्यांच्या तोंडात गेला की त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसायचं. जरा कुणी "वा" म्हटलं की स्वारी खूश. मी मुद्दाम म्हणायचे, "आईच्या चुलीची सर नाही हो याला." तो चिडायचा आणि पुढच्या खेपेला लाकूड बदलायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं नवं घर झालं. विटांचं, वर स्लॅब, आतून-बाहेरून गिलावा, आकाशी रंग. गळती नाही, उंदीर नाहीत, वारं शिरायला फट नाही. नामदेव भिंतीवर थापा मारून दाखवायचा, जशी काही म्हैस विकतोय. पितरांना बाबांच्या आवडीचं ठेवायचं म्हणून त्यानं त्या दिवशी अंगणात पिंप लावलं होतं. सुमन खोडाळ्याच्या बाजाराला गेली होती. पाऊस आडवा झोडपायला लागला, विस्तव विझायला आला, म्हणून त्यानं पिंप ओढत स्वयंपाकघरात आणलं. दार लावलं, खिडकी लावली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं धगीशेजारी पडला. आमच्यातला कुणीही हेच केलं असतं. मीसुद्धा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, कोंडलेल्या विस्तवाचा वायू असतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. मी मान हलवली. कळलं सगळं, पण पटत नाही हो. जो धूर आयुष्यभर अंगावर घेतला, त्यानं असा दावा साधावा?

पिंप लोकांनी दरीत ढकललं. ते घर बाधलं, असं पाड्यावर बोलू लागले. सुमननं चूल पेटवणं सोडलं, शेजारी जेवायची, रात्री शेजारीच निजायची. ती माहेरी निघून जाईल आणि माझ्या भावाचं घर असंच कुलपात राहील, याचा मी धसका घेतला होता. परवा तिला जव्हारला घेऊन यायचं म्हणून गेले, तर बाई घरात! केसांत सिमेंट, हातांना फोड, कोपऱ्यात कुणाची तरी मागून आणलेली पहार.

"न्हाई येनार मी ताई," ती म्हणाली. "त्यांनी हौसेनं बांधलंय. घराला नाक नव्हतं, ते केलं मी."

तिनं माझ्यादेखत चूल पेटवली. मी सरळ अंगणात पळाले. बाहेरून बघितलं तर स्लॅबच्या खाली, त्या आकाशी भिंतीत एक वेडंवाकडं भोक होतं आणि त्यातून धूर मुकाट्यानं बाहेर पडत होता. काढलेल्या विटा तिनं भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या. मी त्या मोजल्या. चार होत्या. नाम्या... चारच रे.